स्थळपाहणीचा अहवाल

“भाऊसाहेब, बसा ना,” मॅडम म्हणाल्या.

“नको मॅडम, उभाच बरा.”

“अहो, अर्धा तास लागेल. बावीस फाईली आहेत.”

“असू द्या. उभ्यानं डोकं चांगलं चालतं माझं.”

ऋतुजा आवटे मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि पहिली फाईल उघडली. आमच्या पाटबंधाऱ्याच्या उपविभागात उपअभियंता म्हणून त्यांना येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्यांचं वय एकोणतीस. मी वरिष्ठ लिपिक, वय एक्कावन्न, नोकरी अठ्ठावीस वर्षं. मी त्यांच्यासमोर बसत नाही, याचा कचेरीनं आपापल्या परीनं अर्थ लावून घेतला होता. शाखा अभियंता चव्हाण म्हणत, गुळव्यांनी साहेबांना लोणी लावायची नवी तऱ्हा काढली आहे. आमचा शिपाई जिजाबा दोन वर्षांत निवृत्त व्हायचा होता, त्याला माझं कौतुक वाटे. भाऊसाहेब जुन्या वळणाचे, साहेब वयानं लहान असला तरी खुर्चीचा मान राखतात, असं तो चहावाल्यालासुद्धा सांगे. मी दोघांचंही खंडन केलं नाही, कारण खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मला मूळव्याध झाली होती. दीड वर्ष झालं होतं. आधी पंधरवड्यातून एखाद्या सकाळी रक्त दिसायचं, मग आठवड्यातून, आणि त्या उन्हाळ्यात तर एक दिवसाआड. कचेरीचे दोन जिने चढलो की धाप लागायची. सरकारी लाकडी खुर्ची मला लांबूनच ओळखायला लागली होती. डॉक्टरकडे जायला हवं हे कळत होतं. पण डॉक्टर म्हटलं की ऑपरेशन आलं, आणि ऑपरेशनची मला भीती वाटते, असं मी स्वतःला सांगत होतो.

तरी मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. बसणं तसंही शक्य नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत मी एकच गोष्ट नीट शिकलो होतो. कुठलंही काम करायचं तर तीन ठिकाणांहून माहिती मागवायची, तिचा तुलनात्मक तक्ता करायचा, आणि मग निर्णयासाठी वर सादर करायचं. मी एक कोरी फाईल घेतली, तिला लाल टॅग लावला आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘विषय : मूळव्याधीवरील शस्त्रक्रियेच्या तीन पद्धतींची तुलना. रुग्ण : म. वि. गुळवे, वय ५१.’ एवढं लिहिल्यावर निम्मा आजार बरा झाल्यासारखं वाटलं.

माहिती मागवायची म्हणजे डॉक्टरांना भेटणं आलं. त्यासाठी मी मेहुण्याला कामाला लावलं. रमाकांत, आमच्या सौभाग्यवतींचा धाकटा भाऊ, इस्लामपूरला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचा. प्रकृतीनं अगदी ठणठणीत. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, पण मी जिथे जाईन तिथे मूळव्याध त्याची असायची.

कऱ्हाडचे डॉक्टर निंबाळकर हे जुन्या पद्धतीचे सर्जन, मोड सरळ कापून काढणारे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“पेशंट कुठाय?”

“इस्लामपूरला.”

“मग तुम्ही का आलात?”

“माहिती घ्यायला. कुठली पद्धत चांगली, ते.”

“कुणासाठी चांगली ते बघितल्याशिवाय कसं सांगू? त्यांना घेऊन या.”

“आणतो. तोवर साधारण अंदाज द्या. दुखतं किती? रजा किती लागेल?”

डॉक्टर भले होते. त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. दुसरे डॉक्टर स्टेपलरवाले. त्यांच्याकडे एक गोल यंत्र आतून लावून मोड वर ओढून टाचायचे. तिसरे साताऱ्याचे लेझरवाले. त्यांच्या दवाखान्यात एवढा गारवा होता की मला वाटलं, निम्मं दुखणं इथेच थिजत असावं. क्षारसूत्राचा दोरा बांधणारे एक वैद्यही ऐकून होतो, पण नियमाप्रमाणे तीन पुरतात.

नुसत्या डॉक्टरांच्या शब्दावर विसंबायचं नाही म्हणून त्या त्या पद्धतीतून गेलेली माणसंही गाठली. एका निवृत्त कंडक्टरचं कापून काढलेलं होतं. तो म्हणाला, “पंधरा दिवस गरम पाण्याच्या टबात संसार केला साहेब. सकाळ उजाडूच नये वाटायचं. पण दहा वर्षं झाली, परत नाव नाही.” स्टेपलर केलेला कापडदुकानदार म्हणाला, “पाचव्या दिवशी गादीवर बसून साड्या दाखवत होतो. मात्र तीन वर्षांनी पाहुणा परत आलाय थोडासा.” लेझरवाला एक तरुण वकील होता. “दुपारी गेलो, संध्याकाळी घरी. पुढचं पुढं बघू, सहाच महिने झालेत.” हे सगळं मी रकान्यांत बसवलं. भूल, वेदनेचा कालावधी, विश्रांती, पुन्हा उद्भवण्याचा संभव, असं करत करत शेवटी शेरा. असा तक्ता मी कुठल्या पाझर तलावाचासुद्धा केला नव्हता.

तक्ता होत आला होता आणि एका संध्याकाळी सरोजनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, “रमाकांतला मूळव्याध कधी झाली?”

“कोण म्हणालं?”

“साताऱ्याच्या दवाखान्यातली मुलगी. त्याला फोन आला होता. सर, तुमच्या मूळव्याधीचं काय ठरलं, म्हणून. तो स्टाफरूममध्ये होता आणि फोन स्पीकरवर होता.”

साताऱ्याला फॉर्म भरताना पेशंटचा नंबर मागितला होता. तिथे मी सवयीनं खरा नंबर लिहिला होता. खोटा नंबर लिहायला माझा हातच वळत नाही.

“त्याला आता शाळेतल्या बाई रोज इसबगोल आणून देतात,” सरोज म्हणाली. “मग झालीय कुणाला?”

“मला.”

“ते मला ठाऊक आहे.”

“कसं?”

“तुमचे कपडे या घरात कोण धुतं?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. गेल्या गौरी-गणपतीपासून बघतेय. उद्या चला दवाखान्यात.”

“तक्ता पूर्ण होऊ दे.”

“कसला तक्ता?”

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, कप उचलला आणि म्हणाली, “लग्नाच्या वेळीसुद्धा तीन मुली बघितल्या होत्यात ना? पण बघितल्या तरी होत्यात.” तेव्हा मला त्या बोलण्यातली खोच कळली नाही.

पुढच्या सोमवारी चव्हाण माझ्या टेबलाशी आले. माझ्या टेबलाशी म्हणजे खरं तर माझ्या कपाटाशी. बसवत नसल्यामुळे मी छातीएवढ्या उंचीच्या एका लोखंडी कपाटावर कागद ठेवून उभ्यानंच लिहायचो. टेबलाच्या खणातलं सगळं त्या कपाटावर आलं होतं. एका अंगाला मॅडमच्या सहीला जायच्या फाईली, दुसऱ्या अंगाला माझं खासगी.

“भाऊसाहेब, बंधाऱ्याच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक परत का पाठवलंत?”

“स्थळपाहणीचा अहवाल नाही.”

“अहो, तो बंधारा माझ्या आजोळचा आहे. लहानपणी त्यात पोहलोय मी.”

“पोहण्याचा दाखला जोडा हवं तर. पण पाहणी केलीत का?”

“बघितलाय म्हणतोय ना.”

“बघणं वेगळं, पाहणी वेगळी. पाणी कुठून गळतंय ते जागेवर जाऊन, वाकून बघायचं. तारीख टाकायची, सही करायची. पाहणी नाही तर दुरुस्ती कसली करणार? तुमचं सगळं अंदाजपत्रक हवेत आहे.”

चव्हाण धुसफुसत गेले. मला बरं वाटलं. या नियमावर मी आजवर तीन उपअभियंत्यांशी भांडलो होतो. त्या आनंदात मी खाली हिशेबनिसांकडे चहाला गेलो आणि वर आलो तेव्हा कपाटाचा माथा साफ रिकामा होता. दोन्ही अंगांनी.

“जिजाबा, इथल्या फाईली?”

“मॅडमकडं नेल्या की. सगळ्या.”

“या बाजूच्यासुद्धा?”

“एवढ्या उन्हाचं दोन खेपा कशाला म्हणलं.”

मी मॅडमच्या दारापर्यंत गेलो. गठ्ठा त्यांच्या टेबलावर होता आणि माझी फाईल वरून चौथी होती. लाल टॅग बाहेर लोंबत होता.

“मॅडम, एक फाईल चुकून आली. घेऊन जाऊ का?”

“कुठली?”

त्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं असतं तर मी दीड वर्षापूर्वीच दिलं असतं. “राहू द्या,” मी म्हणालो.

“उद्या सकाळी सगळ्या परत येतील,” मॅडम म्हणाल्या आणि तिसरी फाईल उघडली.

सकाळी जिजाबानं गठ्ठा आणून ठेवला. मी आजूबाजूला कोणी नाही असं बघून माझी फाईल उघडली. आशा होती की त्यांनी न वाचताच बाजूला ठेवली असेल. पण तक्त्याच्या खाली हिरवी शाई होती. आमच्याकडे हिरव्या शाईनं अधिकाऱ्यांनीच लिहायचं, आम्ही लिपिकांनी निळ्यानं, असा रिवाज. मॅडमचं अक्षर मोकळं, गोल, कॉलेजातल्या मुलीसारखं होतं.

‘१. तक्ता पाहिला. परिश्रमपूर्वक केला आहे. २. तथापि स्थळपाहणीचा अहवाल जोडलेला नाही. ३. रुग्णाची एकाही डॉक्टरांनी तपासणी केल्याचे दिसून येत नाही. आजार मूळव्याधच आहे, हे कोणी ठरवले? ४. पाहणी न करता पद्धतींची तुलना का केली, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’

खाली सही, तारीख.

मी ते चार वेळा वाचलं. आधी लाज वाटली. मग राग आला, की हिला काय करायचंय. आणि मग तिसऱ्या मुद्द्यावर येऊन अडकलो. तीन डॉक्टर झाले, तीन रुग्ण झाले, दोन महिने गेले, अकरा रकाने झाले, आणि त्यांत मीच नव्हतो. चव्हाणांना आदल्या दिवशी जे बोललो होतो ते सगळं माझ्याच अंगावर परत आलं होतं, तेही योग्य मार्गानं, जावक क्रमांकाशिवाय.

दुपारी मॅडमनी फाईली घेऊन बोलावलं. मी तोंड खाली घालून गेलो. त्या त्याविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत. “बसा” असंही म्हणाल्या नाहीत. उठल्या, गठ्ठा खिडकीच्या रुंद कट्ट्यावर नेऊन ठेवला आणि तिथे उभ्या राहिल्या. “इथं उजेड चांगला आहे,” म्हणाल्या. मग आम्ही दोघांनी उभ्यानंच तासभर काम केलं. त्या दिवसापासून दोन महिने तसंच चाललं. चव्हाण म्हणाले, आता तर साहेबच गुळव्यांपुढे उभ्या राहतात.

खुलासा लिहायला मी घरी बसलो, म्हणजे ओट्याशी उभा राहिलो. पहिला मसुदा असा झाला : कामाच्या व्यापामुळे तपासणी करणे शक्य झाले नाही. तो फाडला. दुसरा : मेहुण्यांच्या प्रकृतीच्या कारणास्तव. तोही फाडला. पुढ्यात कोरा कागद होता आणि डोक्यात एकच वाक्य होतं. ते मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तोंडानं ते आलंच नसतं. पण फाईलवर लिहायचं म्हटल्यावर पेन आपोआप चालू झालं.

‘सविनय सादर. माझे वडील कै. विठ्ठल गणू गुळवे यांना असाच रक्तस्राव होत असे. मूळव्याध आहे असे त्यांनी स्वतःच ठरविले. कोणास दाखविले नाही. गावातील एकाच्या सांगण्यावरून दोन वर्षे पाला वाटून घेतला. अखेर मी त्यांना मिरजेस नेले, तेव्हा डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले की ही मूळव्याध नव्हे, आतड्याचा कॅन्सर आहे, आणि उशीर झाला आहे. त्यानंतर ते चार महिने जगले. मृत्यूसमयी वय ५४. मला शस्त्रक्रियेची भीती वाटत नाही. तपासणीची वाटते. तपासणी केली तर काय निघेल, या भीतीने मी तुलना करीत राहिलो. सबब खुलासा सादर.’

“काय लिहिताय एवढं?” सरोज मागून आली. मी कागद झाकला नाही. तिनं उभ्यानं वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचला. आमच्या लग्नाआधीच वडील गेले होते. पोटाच्या दुखण्यानं गेले, एवढंच मी तिला सांगितलं होतं.

“हे मला सांगायला तुम्हाला फाईल लागली,” ती म्हणाली.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि मग तीच हसली. “आणि ते ‘सबब’ काढा. बायकोनं वाचायच्या कागदात ‘सबब’ शोभत नाही.”

“तो मॅडमना द्यायचाय.”

“मग राहू दे.”

मी खुलासा फाईलला लावला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं मॅडमच्या टेबलावर ठेवला, जिजाबाच्या हाती नाही. तासाभरात फाईल परत आली.

‘खुलासा वाचला. मान्य करता येत नाही. उद्याची रजा मंजूर. स्थळपाहणी करून घ्यावी. सोबत काकूंना न्यावे.’

अठ्ठावीस वर्षांत सरकारी टिपणीत ‘काकूंना’ हा शब्द मी पहिल्यांदा पाहिला. मी तो बराच वेळ बघत होतो. जिजाबानं विचारलं, “भाऊसाहेब, डोळ्यात काय गेलं का?” मी म्हणालो, “फाईलींची धूळ.”

निंबाळकर डॉक्टरांनी मला लगेच ओळखलं. “काय, मेहुणे कसे आहेत?”

“मेहुणा चांगला आहे,” सरोज म्हणाली. “तो यांच्यामुळे बदनाम झालाय. पेशंट हे आहेत.”

“मला वाटलंच होतं. जो माणूस दुसऱ्याच्या मूळव्याधीची चौकशी तासभर उभ्यानं करतो, त्याला मी खुर्ची देत नाही.” डॉक्टरांनी हातमोजे चढवले. “व्हा डाव्या कुशीवर. गुडघे पोटाशी.”

दीड वर्ष ज्याला मी घाबरलो, ते पाच मिनिटांत आटपलं. भिंतीवर एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर हिमशिखरं होती. मी ती शिखरं मोजली, सात होती. डॉक्टर आत नळीतून बघत होते आणि मी मनात वडिलांचा चेहरा येऊ देत नव्हतो.

“उठा,” ते म्हणाले. “मूळव्याध आहे. दुसऱ्या अवस्थेतली. तो तुमचा तक्ता आणलाय का?”

मी तत्परतेनं फाईल पुढे केली. त्यांनी मन लावून वाचली, सगळे रकाने. “छान आहे. आमच्या विद्यार्थ्यांना दाखवावा असा. मात्र यातलं तुम्हाला एकही नको.”

“म्हणजे?”

“ज्याचे मोड बाहेर येऊन आत जात नाहीत, त्याला कापायचं की टाचायचं की लेझर, हा विचार. तुमचे तेवढे नाहीत. मी मुळाशी रबर बँड घालतो. मोड सुकून आठवड्यात गळून पडतो. भूल नाही, रजा नाही. दोन-तीन वेळा यावं लागेल.”

“रबर बँड?”

“तुमच्या फाईलींना घालता तसाच. जरा बारीक.”

मी एवढा हलका झालो की खुर्चीवर बसलो. मग लक्षात आल्यावर परत उठलो. सरोज मात्र हलली नव्हती. ती म्हणाली, “डॉक्टर, त्याच्या खालचा कागद वाचा.”

डॉक्टरांनी खुलासा वाचला, त्याखालची हिरवी शाई वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता ते थट्टा करत नव्हते.

“हे आधी सांगायचं. मूळव्याध आहे म्हणजे रक्त तिथूनच येतंय, असं तुमच्या वयाला आणि या इतिहासाला धरता येत नाही. पूर्ण आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करायची. कोल्हापूरला चिठ्ठी देतो. रबर बँड त्यानंतर.”

कोल्हापूरच्या त्या तपासणीत माझ्या आतड्यात एक मोड सापडला. मूळव्याधीचा नव्हे, वेगळाच, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्यांनी तो दुर्बिणीतूनच काढला आणि तपासायला पाठवला. अहवालाला आठ दिवस लागतील, म्हणाले. ते आठ दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. मी कचेरीत जात होतो, खिडकीशी उभा राहून टिपण्या वाचून दाखवत होतो. मॅडम काही विचारत नव्हत्या. फक्त रोज कामाच्या शेवटी “अजून नाही ना आला?” एवढं म्हणत. मी “नाही” म्हणे.

नवव्या दिवशी सरोजला घेऊन गेलो. कोल्हापूरचे डॉक्टर तरुण होते, मोजकं बोलणारे. “कॅन्सर नाही,” ते म्हणाले. “पण हा मोड त्या जातीचा आहे. आत राहिला असता तर पाच-सात वर्षांनी कदाचित तुम्हाला मी वेगळं काही सांगितलं असतं. आता दर तीन वर्षांनी बघायचं. मुलं किती?”

“एक मुलगा. सव्वीस वर्षांचा.”

“चाळीस झाला की त्याचीही तपासणी. विसरू नका.”

बाहेर आल्यावर आम्ही चालतच स्टँडवर आलो. मिरजेला मी वडिलांना घेऊन ज्या बाकावर बसलो होतो तसाच तिथे बाक होता. ते त्या दिवशी मला म्हणाले होते, “आधी दाखवायला पायजे होतं रं. लाज वाटली.” त्या वाक्याला मी इतकी वर्षं फाईलबंद करून ठेवलं होतं. स्टँडवर माणसांच्या गर्दीत मी रडलो. सरोजनं पाण्याची बाटली पुढे केली आणि कुणी बघत असेल तर आपलं भांडण झालंय असं वाटावं म्हणून तोंड दुसरीकडे केलं.

रबर बँड तीन वेळा घातले. दीड महिन्यानं मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि न सांगता खुर्ची ओढून बसलो. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

“दुखत नाही?”

“नाही मॅडम.”

“मग मीही बसू ना? दोन महिने झाले, माझे पाय गेले,” त्या म्हणाल्या. मी पहिल्यांदा त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं. चव्हाण दारातून डोकावून गेले आणि त्यांना बहुधा काहीच समजलं नाही.

मी नियमाप्रमाणे नस्ती, म्हणजे फाईल, बंद करण्यासाठी अखेरची टिपणी सादर केली. सर्व अहवाल क्रमानं लावले, पृष्ठांकन केलं. ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे. सबब नस्ती बंद करण्यास मान्यता मिळावी, ही विनंती.’ फाईल परत आली. हिरव्या शाईत तीन ओळी होत्या.

‘मान्यता देता येत नाही. नस्ती बंद करू नये. दर तीन वर्षांनी स्थळपाहणीचा अहवाल जोडावा व मुलाचे वय ४० होताच त्याचाही.’

पुढच्या वर्षी मॅडमची बदली कोकणात झाली. नंतर सहा वर्षांनी मी निवृत्त झालो. कचेरीतून मी आयुष्यात एकच फाईल घरी आणली, ती ही. तिला आता चार अहवाल लागले आहेत. प्रत्येक अहवाल आला की मी त्याचा फोटो मॅडमना पाठवतो. त्या आता मोठ्या अधिकारी आहेत. त्यांचं उत्तर तेवढंच येतं : ‘पाहिले.’

परवा आमचा मुलगा समीर चाळीस वर्षांचा झाला. तो पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहे. वाढदिवसाच्या फोनवर मी त्याला आठवण दिली.

“हो बाबा, लक्षात आहे,” तो म्हणाला. “मी चालूच केलंय. सहा हॉस्पिटलांची माहिती काढलीय. डॉक्टरांचा अनुभव, दुर्बीण कुठल्या कंपनीची, लोकांचे अभिप्राय, सगळं एका तक्त्यात टाकलंय. तुम्हाला पाठवतो, बघा.”

“किती दिवस झाले चालू करून?”

“तीन महिने.”

सरोज शेजारीच होती. तिनं कपाळावर हात मारला. तक्ता आला, तो मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून घेतला, आणि त्याच दुकानातून एक पेन विकत घेतलं. घरी येऊन खुर्चीवर आरामात बसलो. उभं आयुष्य निळ्यात काढलं होतं, म्हणून आधी कोपऱ्यात एक रेघ ओढून बघितली. मग मी कागदाच्या तळाशी हिरव्या शाईनं लिहिलं :

‘तक्ता पाहिला. परिश्रमपूर्वक केला आहे. परत. स्थळपाहणीचा अहवाल तीन दिवसांत सादर करावा. सोबत सूनबाईंना न्यावे.’